कळा तिच्या, निर्णय कुणाचा?

१ ऑक्टोबर १९९९. स्कॉटलंडमधल्या बेल्सहिल इथल्या प्रसूती रुग्णालयात नादिन मॉंटगोमेरी पहिल्या बाळंतपणासाठी दाखल होत्या. उंची जेमतेम पाच फुटांच्या वर, आणि इन्सुलिन घ्यावं लागेल असा मधुमेह. मधुमेही आईचं बाळ पुष्कळदा अंगानं मोठं असतं, खांद्यांशी तर विशेषच. डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. अशा मातांमध्ये ही शक्यता नऊ-दहा टक्के असते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. त्या दिवशी तेच घडलं. डोकं दिसल्यापासून बाळ पूर्ण बाहेर यायला बारा मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात त्याचा प्राणवायू तुटला. मुलगा वाचला, पण सेरेब्रल पाल्सी आणि हाताच्या नसांची इजा घेऊन.

बाळ मोठं आहे, नॉर्मल जमेल ना, ही काळजी मॉंटगोमेरी यांनी गरोदरपणात डॉक्टरांपाशी एकापेक्षा अधिक वेळा बोलून दाखवली होती. त्या स्वतः विज्ञानाच्या पदवीधर, आई आणि बहीण दोघी डॉक्टर. न समजण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही खांदे अडकू शकतात, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. का नाही सांगितली, याचं उत्तर डॉक्टरांनी पुढे न्यायालयात दिलं. बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता फार थोडी असते. प्रत्येक मधुमेही गरोदर बाईला हे सांगत बसलं, तर बहुतेकजणी सिझर मागतील, आणि ते त्यांच्या हिताचं नाही.

या उत्तरात दुष्टावा नाही, उलट काळजीच आहे. म्हणूनच ते उत्तर सहज बाजूला सारता येत नाही. समोरचीचं भलं कशात आहे हे आपल्याला कळतं, तिला खरं सांगितलं तर ती चुकीचं ठरवेल, तेव्हा न सांगणंच बरं, अशी ही विचारसरणी आहे. वडीलधारी माणसं, गुरू, पुरोहित, राज्यकर्ते सगळेच कधी ना कधी असं वागत आले. दुसऱ्याच्या हितासाठी त्याच्यापासून सत्य लपवण्याचा अधिकार कुणाला असतो का, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. तो लेबर रूममध्ये रोज नव्यानं उभा राहतो, आणि तिथे उत्तर द्यायला कधी कधी काही मिनिटंच मिळतात.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचं उत्तर बराच काळ डॉक्टरांच्या बाजूनं होतं. १९५७च्या बोलम खटल्यानं एक कसोटी घालून दिली: जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जे योग्य वाटतं, तसं डॉक्टर वागला असेल तर तो निष्काळजी नाही. १९८५च्या सिडवे खटल्यात धोका सांगावा की नाही, हेही बहुतांशी याच मापानं मोजलं गेलं. मॉंटगोमेरी स्कॉटलंडच्या न्यायालयात दोनदा हरल्या. अखेर ११ मार्च २०१५ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. साडेबावन्न लाख पौंडांची भरपाई मिळाली. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

निकालाचा गाभा असा. कोणता धोका सांगण्याजोगा आहे, हे डॉक्टरांच्या वर्तुळानं ठरवायचं नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला, किंवा खुद्द त्या रुग्णाला, तो धोका महत्त्वाचा वाटेल का, ही कसोटी. धोक्याचं वजन नुसत्या टक्केवारीवर ठरत नाही, ते त्या माणसाच्या आयुष्यात काय उलथापालथ करेल यावरही ठरतं. न्यायालयानं आणखी एक बजावलं: तांत्रिक माहितीचा मारा करून फॉर्मवर सही घेतली, म्हणजे कर्तव्य संपलं असं नाही. बोलणं झालं पाहिजे.

त्या सात न्यायाधीशांपैकी लेडी हेल यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. नॉर्मल प्रसूतीचा आग्रह वरून वैद्यकीय दिसतो, पण आतून तो नैतिक असू शकतो, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. कळा सोसून जन्म देणारी आई जणू अधिक चांगली, असा एक न बोललेला निवाडा त्यात दडलेला असतो. आपल्याकडे ‘नॉर्मल झाली का गं?’ या प्रश्नाच्या सुरातच तो निवाडा ऐकू येतो. सिझर झालेल्या बाईला कित्येकदा आपण कशात तरी कमी पडलो असं वाटत राहतं, ते यामुळेच. शास्त्राच्या नावाखाली आपली मूल्यं दुसऱ्यावर लादली जातात, आणि लादणाऱ्याला ते कळतही नाही.

मग योग्य वागणं कसं असतं? त्याचा एक नमुना आपल्या फार ओळखीच्या ग्रंथात आहे. गीतेकडे बहुतेकजण शरणागतीचा ग्रंथ म्हणून पाहतात. पण अठराव्या अध्यायाचा शेवटचा भाग क्रमानं वाचला तर वेगळंच दिसतं. अठ्ठावन्नाव्या श्लोकात कृष्ण परिणाम स्पष्ट सांगतो: ऐकलं नाहीस तर नाश होईल. तो काही लपवत नाही, गोडही करत नाही. त्रेसष्टाव्या श्लोकात तो म्हणतो, की गुह्यातलं गुह्य ज्ञान तुला सांगून झालं, आता त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. एवढं झाल्यावर, तू मला प्रिय आहेस म्हणून तुझ्या हिताचं सांगतो, अशी प्रस्तावना करून तो स्वतःचा सल्ला देतो, आणि शरण ये हे त्या सल्ल्यात येतं. त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन उत्तर देतो: माझा संशय गेला, तू सांगतोस तसं करीन. तो निर्णय अर्जुनाचा असतो.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी माहिती, तीही पूर्ण. मग परिणाम. मग मोकळीक. आणि त्यानंतर मायेनं दिलेला ठाम सल्ला. ‘मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही ठरवा’ असं म्हणून कृष्ण अंग काढून घेत नाही. आणि ‘मी सांगतो म्हणून कर’ असंही म्हणत नाही. इझिकिएल आणि लिंडा इमॅन्युएल यांनी १९९२मध्ये डॉक्टर-रुग्ण नात्याचे चार प्रकार मांडले. पालकासारखा डॉक्टर, नुसती माहिती देणारा, रुग्णाला स्वतःचं मन उलगडायला मदत करणारा आणि रुग्णासोबत विचारविनिमय करून आपलं मतही मांडणारा. त्यांनी चौथ्याला झुकतं माप दिलं. अठराव्या अध्यायातला सारथी या चौथ्याच्या अगदी जवळचा आहे.

कुणी म्हणेल, कृष्ण सर्वज्ञ होता, डॉक्टर आणि देव यांची तुलना कशी होईल? मुद्दा तोच आहे. ज्याच्या ज्ञानात उणीव नाही, त्यानंही विचार करायला जागा ठेवली. मग बाळाचं वजन सोनोग्राफीवरून अंदाजानं सांगणाऱ्या, पिशवीचं तोंड कधी उघडेल हे खात्रीनं सांगू न शकणाऱ्या माणसावर तर ती जागा ठेवण्याची जबाबदारी अधिकच येते. वैद्याला नारायण मानणारा श्लोक आपण दवाखान्याच्या भिंतीवर लावतो. नारायणानं रणांगणावर काय केलं, हेही त्या श्लोकाबरोबर आठवावं.

आणि शरणागतीचं काय? ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा, माझा तुमच्यावर विश्वास आहे’ असं म्हणणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांना अडाणी ठरवणं हा उद्धटपणा होईल. भक्तिपरंपरेत शरण जाणं ही माणसाच्या इच्छेची सर्वांत मोठी कृती मानली गेली. पण तिची एक अट असते: जो जातो त्यानंच जायचं. त्याच्या वतीनं सासूला, नवऱ्याला किंवा भावाला शरण जाता येत नाही, आणि ज्याच्याकडे जायचं तो ती हक्कानं मागूही शकत नाही. सगळं कळल्यावर बाईनं निर्णय डॉक्टरांवर सोपवला, तर तोही तिचाच निर्णय आहे. न कळता सोपवला गेला, तर तिच्याकडून तो काढून घेतला गेला.

आपल्या जुन्या वैद्यकात याविषयी काय दिसतं, हे पाहण्यासारखं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण. रुग्णाचे गुण म्हणजे स्मृती, सांगितलेलं पाळणं, निर्भयता आणि आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं. चारांपैकी आज्ञापालन फक्त एक. आठवण ठेवणं आणि सांगणं, हे दोन गुण रुग्णाच्या स्वतःच्या ज्ञानाचे आहेत, आणि ते वापरायचे तर कुणी तरी ऐकून घ्यायला हवं. निर्भयता तर फार मोलाची. ‘बाळाला काही झालं तर जबाबदारी तुमची’ हे वाक्य आपल्या लेबर रूममध्ये सर्रास ऐकू येतं. त्यानं चौथा पाय मोडतो. त्यातून निर्णय वाटून घेतला जात नाही, दोष तेवढा वाटला जातो.

चरकसंहितेच्याच शारीरस्थानात सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीचं, वर्णन येतं. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, धीर देणाऱ्या बायका बाळंतिणीजवळ असाव्यात असं तिथे सांगितलं आहे. कळा लवकर याव्यात म्हणून तिच्या हाती मुसळ देऊन कांडायला लावावं, असं काहींचं मत होतं. संहितेतले आचार्य आत्रेय यांनी ते साफ खोडून काढलं: गर्भिणीनं कष्टाचा व्यायाम टाळावा असं सतत सांगायचं, आणि ऐन प्रसूतीत तिच्याकडून कांडून घ्यायचं, हे कसं? वेणा आलेली नसताना जोर लावू नको, हेही तिथेच आहे. म्हणजे तिच्या शरीराची खूण आधी, इतरांची घाई नंतर.

मात्र याच परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्यातली उणीवही पाहायला हवी. सुश्रुतानं अडलेला गर्भ काढणं हे सर्वांत कठीण शल्यकर्म मानलं, बाईला जपा असं बजावलं, आणि अधिपतीची अनुज्ञा घेऊनच हात घालावा असं सांगितलं. अनुज्ञा हवी, ही जाणीव तेव्हाही होती. पण ती जिच्या देहावर शस्त्र चालणार तिची नव्हती. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ त्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांत गेलं. १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या ज्ञानात बाईचं शरीर होतं पण बाईचा आवाज नव्हता, ते ज्ञान एका बाईनं अभ्यासायला घेतलं, ही घटना लहान नव्हे.

धर्माचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो आयर्लंडमध्ये, आणि त्याची झळ आपल्या सीमेवरच्या बेळगावला लागली. बेळगावची सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य. २१ ऑक्टोबर २०१२ला ती गॅल्वेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली तेव्हा सतरावा आठवडा होता आणि गर्भपात अटळ होता. गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिनं तो काढून टाकायची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत, कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे असं आपण तिला म्हणालो होतो, हे एका वरिष्ठ परिचारिकेनं पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केलं. २८ ऑक्टोबरला सविता जंतुसंसर्गानं गेली. तपासात दोन दोष पुढे आले: संसर्गावर नीट लक्ष ठेवलं गेलं नाही, आणि ठोके थांबेपर्यंत हात लावायचा नाही यावर अवाजवी भर दिला गेला.

सविता कॅथलिक नव्हती. आईचा जीव आणि गर्भ यांत आधी कोण, याबद्दल धर्मांची उत्तरं एकसारखी नाहीत. ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात बाळाचं बहुतांश अंग बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी, असं स्पष्ट म्हटलं आहे. कॅथलिक शिकवण वेगळ्या जागी उभी आहे. प्रत्येकाला आपल्या श्रद्धेनं जगायचा हक्क आहे, आणि त्या हक्कातूनच पुढची गोष्ट निघते: खाटेवरच्या बाईच्या देहाबद्दल खाटेशेजारी उभ्या असलेल्याची श्रद्धा निर्णायक ठरू शकत नाही. २५ मे २०१८च्या सार्वमतात आयर्लंडच्या ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी गर्भपाताला अशी आडकाठी करणारी राज्यघटनेतली तरतूद काढून टाकली. मोहिमेत सवितेचं चित्र भिंतीभिंतीवर होतं.

आता घराकडे वळू. २००५-०६मध्ये भारतात सुमारे ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ८९ टक्क्यांच्या आसपास पोचला. महाराष्ट्रात २०१८-२०मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. देशात याहून कमी प्रमाण फक्त केरळात. हे यश डॉक्टरांचं, सिस्टरांचं, आशाताईंचं आहे, आणि ते विसरून डॉक्टरांवर टीका करणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण बाई वाचली पाहिजे हे साधत आलं की पुढचा प्रश्न विचारायला हवा: तिला विचारलं का?

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशातल्या सिझरचं प्रमाण २१.५ टक्के होतं. सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खाजगीत ४७.४. खाजगीतल्या बायकांची शरीरं तिपटीनं वेगळी नसतात. यातली काही सिझर बाईनं मागितलेली असतात, काही खरोखर गरजेची, काही डॉक्टरांच्या सोयीची किंवा खटल्याच्या भीतीची. किती कुठली, हे त्या खोलीत काय बोलणं झालं यावर अवलंबून, आणि त्या बोलण्याची नोंद केसपेपरवर नसते. ‘बाळाचे ठोके कमी झालेत, लगेच घ्यावं लागेल, नातेवाईक कोण आहे?’ असा पुकारा होतो आणि व्हरांड्यात बसलेला नवरा किंवा सासरा सही करतो. सज्ञान, शुद्धीवर असलेली बाई आत असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७१च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाची संमती मागितलेलीच नाही. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. १६ जानेवारी २००८ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आईची संमती चालणार नाही. हे झालं ते उत्तमच. पण किती माहिती द्यायची, याचं माप मात्र न्यायालयानं बहुतांशी डॉक्टरांच्या हाती ठेवलं. देशातली गरिबी आणि रुग्णांचा डॉक्टरांवरचा विश्वास ही कारणं दिली. ही भूमिका पटत नाही. गरीब बाईला कमी सांगून चालतं, असा तिचा अर्थ होतो.

मुहूर्त पाहून केलेल्या सिझरमध्ये या सगळ्याची गाठ बसते. पत्रिका घरचे काढतात, वेळ गुरुजी देतात, टेबल डॉक्टर राखून ठेवतात. ३९ आठवड्यांच्या आत ठरवून केलेल्या सिझरनं बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे तिला कोण सांगतं? तिची स्वतःची मुहूर्तावर श्रद्धा असेल तर तिला हसू नये, तिच्याशी आठवड्यांबद्दल बोलावं. तिची नसेल तर तो मुहूर्त कुणासाठी पाहिला, हे घरच्यांनी स्वतःला विचारावं.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. कळांनी पिळवटलेली बाई निर्णय घेऊ शकते का? सातव्या महिन्यात ‘मला पाठीतलं इंजेक्शन नको’ म्हणणारी आणि ऐन वेळी ‘काहीही करा पण द्या’ म्हणणारी, यांतली खरी कुठली? इंग्लंडमध्ये १९९७च्या एका खटल्यात सुईच्या भीतीनं एका बाईनं सिझर नाकारलं. भीतीमुळे तिची निर्णयक्षमता तात्पुरती गेली असं न्यायालयानं ठरवलं, पण तत्त्व सोडलं नाही: क्षमता असलेली बाई धार्मिक कारणानं, इतर कारणानं किंवा विनाकारणही नकार देऊ शकते. पुढच्याच वर्षी, नकार देणाऱ्या एका गरोदर बाईला मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली अडकवून केलेलं सिझर बेकायदा ठरलं. तत्त्व बरोबर आहे. पण प्रकरण इथवर जातं तेव्हा बोलणं कित्येक आठवडे आधीच तुटलेलं असतं. वेदना बुद्धी घेऊन जात नाही, वेळ घेऊन जाते. नाळ बाहेर आली तर मिनिटं उरतात, तिथे चर्चा करत बसणारा डॉक्टर गुन्हेगार ठरेल. त्यासाठीच बोलायची जागा सातव्या-आठव्या महिन्यातली तपासणी आहे. आणि दोन्ही बायका खऱ्याच. मत बदलायचा हक्क निर्णयाच्या हक्कातच येतो.

डच तत्त्वचिंतक अ‍ॅनेमारी मोल यांनी ‘द लॉजिक ऑफ केअर’मध्ये दुसऱ्या टोकाचा धोका दाखवला. माणसाला गिऱ्हाईक मानून पर्याय समोर मांडायचे आणि निवड त्याच्यावर टाकून बाजूला व्हायचं, ही काळजी नव्हे, हे सोडून देणं आहे. हा इशारा आपल्याकडे विशेष लागू आहे. निवडीला आधार लागतो: सोबत, पैसा, घरचं पाठबळ, उद्या पुन्हा भेटणारा डॉक्टर. बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं. संमतीच्या फॉर्मवर सही असली, तरी पाळीच्या दिवसांतला खाडा, त्याचा दंड आणि कॅन्सरची घातलेली भीती या सगळ्यातून ती सही आलेली असते. तिला निवड म्हणवत नाही.

करायचं ते अवघड नाही. केंद्र सरकारच्या २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण, खाजगीपणा आणि सन्मानाची वागणूक यांचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशी सांगतात, की सरसकट छेद देऊ नये, पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, कुठल्या स्थितीत प्रसूत व्हायचं हे बाईला ठरवू द्यावं. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एका सिस्टरकडे पाच-सहा बाया असतील तर बोलायला वेळ कुठून येणार, हे खरंच आहे. म्हणून सिस्टरांच्या आणि प्रशिक्षित दाईंच्या जागा भरणं हा नीतीचाही प्रश्न आहे.

ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलं आहे, त्यांनी आठव्या महिन्याच्या तपासणीला एवढं करावं. सिझर कधी लागू शकतं, कळा सुरू करायचं औषध का देतात, दुसरा मार्ग कोणता आणि थांबलं तर काय होईल, हे डॉक्टरांना विचारावं. प्रश्न तिला विचारू द्यावेत आणि उत्तर येईपर्यंत घरच्यांनी मध्ये बोलू नये. आणि डॉक्टरांनी ‘नातेवाईक कोण आहे?’ असं बाहेर विचारण्याआधी आत तिला विचारावं.